रानटर्की आणि धनुष्य: नेम नेमका कुठे धरायचा

आमच्याकडे पाहुणे आले की आजी परसात कोंबडा साफ करायला बसायची. अंगणभर ऐटीत फिरणारा तो तुरेवाला गडी गरम पाण्यात बुडवून पिसं उपटली की पार निम्मा व्हायचा. "सगळा डौल पिसांचाच रे," ती म्हणायची. कित्येक वर्षांनी विस्कॉन्सिनमध्ये, कापलेल्या मक्याच्या शेताकडेला काट्याकुट्यांतून फिरताना मला ते वाक्य आठवलं. मी जखमी करून हरवलेली पहिली टर्की शोधत होतो. बाण लागला होता, याची खात्री होती. पण नेम धरला होता फुगलेल्या आकाराच्या मधोमध, आणि त्या आकाराचा मध्य आणि पक्ष्याचा मध्य यांत चांगलं वीतभर अंतर होतं. दोन तास शोधूनही तो नर सापडला नाही.

हा लेख त्या दोन तासांपायी लिहितोय. अमेरिकेत राहणाऱ्या आणि धनुष्याची शिकार शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी तो आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे, तेव्हा यातलं काहीही गावाकडे मोरा-तित्तिरांवर करून पाहायचं नाही.

इकडेही मोकळं रान नाहीच. एकोणिसाव्या शतकात जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने विस्कॉन्सिनमधल्या रानटर्क्या संपल्या होत्या. १९७६ मध्ये मिझुरी राज्याकडून पकडून आणलेले पक्षी व्हर्नन परगण्यात सोडले, बदल्यात विस्कॉन्सिनने आपले ग्राउस पक्षी दिले, आणि तेव्हा कुठे त्या परत रुजल्या. १९८३ मध्ये वसंतातली पहिली शिकार उघडली. आज परवाना लागतो, ठरावीक विभागाची आणि ठरावीक आठवड्याची परवानगी लागते, १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं प्रशिक्षण लागतं आणि वसंतात फक्त नर किंवा दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुपका असलेला) पक्षी मारता येतो. राज्य बदललं की नियम बदलतात. आपापल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोसंबीएवढी जागा

पूर्ण वाढलेला नर ७ ते ११ किलोंचा असतो. अंगावर पाच-सहा हजार पिसं. पिसारा फुलवून मिरवायला लागला की समोर एखादं पिंप उभं आहे असं वाटतं. त्या पिंपात बाण लागून पक्षी जागेवर पडेल अशी जागा, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मिळून, एका मोठ्या मोसंबीएवढी. बाकी सगळं पिसं, पंख, छातीचं मांस आणि हवा.

कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या लावलेलं धनुष्य महाराष्ट्राला आता नवीन नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला त्याच धनुष्यावर जागतिक अजिंक्यपदं मिळवली. त्या स्पर्धेत ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे जवळपास टर्कीच्या मर्मस्थानाएवढंच. तुम्ही १५ मीटरवरून मारणार, मग त्यात अवघड ते काय? अवघड हे, की लक्ष्यावरचं वर्तुळ पिवळ्या रंगाने रंगवलेलं असतं आणि टर्कीचं पिसांखाली दडलेलं असतं. शिवाय लक्ष्य तुमच्याकडे बघत नाही. टर्कीला मान न हलवता जवळजवळ ३०० अंशांतलं दिसतं, मान किंचित वळवली की उरलेलंही.

आता कोंबडी साफ केलेल्यांना सोपं जाईल असं सांगतो. पोट उघडल्यावर फुप्फुसं कुठे सापडतात ते आठवा. पार वर, पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना चिकटलेली, बोटाने खरवडून काढावी लागतात अशी. हृदय त्यांच्या खाली-पुढे, आणि त्याला धरून कलेजी. पेठा त्याच्याही मागे. छातीचं जे जाडजूड मांस आपण आवडीने खातो ते या सगळ्याच्या पुढे आणि खाली, छातीच्या उभ्या हाडावर चढवलेलं. टर्कीची रचना हीच, फक्त मोठी.

यातून पहिली चूक कळते. हरणाची शिकार करून आलेला माणूस सवयीने खाली आणि पुढे, पुढच्या पायामागे नेम धरतो. हरणाला पुढे दोन पाय असतात, पक्ष्याला दोनच आणि तेही मधोमध. हरणाच्या हिशेबाने मारलेला बाण टर्कीच्या छातीच्या मांसातून आरपार जातो. पक्षी दचकतो, उडतो, दोन टेकड्या ओलांडतो आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतो. माझा तो पहिला नर असाच गेला असणार.

म्हणून ज्याला मी शिकवतो त्याला एकच वाक्य पाठ करायला लावतो: चुकायचंच असेल तर वर आणि मागे चुका. वर गेला तर कणा आहे. मागे गेला तर मांडी आणि खुबा आहेत. ते मोडले की पक्ष्याला धावता येत नाही आणि उडण्यासाठी लागणारी उडीही घेता येत नाही. खाली आणि पुढे मात्र काहीच नाही, नुसतं मांस.

पाय शोधा, मग पंखाचा सांधा

पिसारा फुगतो, मान लांब होते, आखूड होते, शेपटीचा पंखा उघडतो आणि मिटतो. या सगळ्यात दोन खुणा जागच्या हलत नाहीत: पाय जिथून अंगात शिरतात ती जागा आणि मिटलेल्या पंखाचा पुढचा सांधा जिथे अंगाला टेकतो ती जागा. नेम या दोन खुणांवरून बांधायचा. दोन्ही दिसत नसतील तर दोरी सोडायची नाही.

आडवा उभा (म्हणजे कूस तुमच्याकडे), मान वर. सगळ्यात चांगली संधी हीच. पायांवरून सरळ वर एक उभी रेघ ओढा. पंखाच्या सांध्यावरून मागे एक आडवी रेघ ओढा. दोन्ही जिथे छेदतात तिथे पिन (धनुष्यावरची नेम धरायची खूण) ठेवा. पंखाच्या पिसांमध्ये एखादं उठून दिसणारं पीस शोधून त्यावर नजर रोवता आली तर उत्तम. 'पक्ष्यावर' नेम धरणारा माणूस पक्ष्याच्या कडेवर मारतो. याच उभ्या रेघेवर किंचित वर कणा, किंचित मागे खुबा. थोडीफार चूक पचवणारा हा एकच कोन.

एक बारकावा. पक्षी चरताना अंग आडवं असतं, कानोसा घेताना जवळजवळ उभं. अंग उभं झालं की आतले अवयवही वर सरकतात, आणि नुसती पायांची रेघ धरून खाली मारणारा फसतो. पंखाचा सांधा मात्र अंगाबरोबर वर जातो. दोन रेघा सांगतो त्या यासाठीच.

पाठमोरा, पिसारा फुललेला. नवख्याला हा कोन विचित्र वाटतो, मला तो फार आवडतो. शेपटीचा पंखा पूर्ण उघडला की सगळी पिसं जिथे एकत्र येतात तो बिंदू, म्हणजे विष्ठामार्ग, हाच नेम. तिथून शिरलेला बाण अंगाच्या लांबीभर जातो आणि फुप्फुसांपर्यंत पोचतो, कणाही वाटेतच आहे. शिवाय त्या पंख्याआड पक्ष्याचं डोकं झाकलेलं असतं, त्यामुळे दोरी ओढायला यापेक्षा चांगला क्षण नाही. एक तोटा: आतडी फाटतात, तेव्हा पक्षी लगेच साफ करावा लागतो.

पाठमोरा पण पिसारा मिटून मान वर करून चालला असेल तर दोन पंखांच्या मुळांमध्ये, पाठीच्या मधल्या रेघेवर. कणा किंवा फुप्फुसं, दोनांपैकी एक सापडतंच. मात्र पट्टा अरुंद आहे. डावी-उजवीकडची चूक इथे चालत नाही.

समोरासमोर. नराच्या छातीवर केसांसारखा जो झुपका लोंबतो त्याला दाढी म्हणतात. ती जिथून उगवते त्या मुळाच्या इंच-दोन इंच वर नेम. मान वर असेल तर हा बाण मानेच्या बुडाशी शिरून हृदयाकडे जातो. पण दाढी वाऱ्याने किंवा चालण्याने एका बाजूला झुकलेली असते आणि माणूस तिच्या टोकाकडे बघत राहतो. मूळ बघा. त्यातून दोन्ही बाजूंना छातीचं मांस आहेच, त्यामुळे दोन इंच चुकलात की परत तीच जखमी करून हरवायची गोष्ट. समोरून १० यार्डांच्या आत असेल आणि मी पूर्ण स्थिर असेन तरच मी हा बाण सोडतो, नाहीतर पक्षी वळेपर्यंत थांबतो. नर बहुधा वळतोच, त्याला मिरवायचं असतं.

तिरका. तिरका आणि पलीकडे तोंड करून असेल तर बाण कुठून शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल ते बघा: पलीकडच्या पंखाच्या सांध्यातून. तिरका पण तुमच्याकडे तोंड करून असेल तर मी मारत नाही. मारणारे मारतात, जवळच्या पंखाच्या सांध्याच्या आतल्या अंगाला नेम धरून. मला तो हिशेब कधी जमला नाही.

आडवा, पण पिसारा फुललेला. छायाचित्रांत सगळ्यात देखणा आणि नेमाला सगळ्यात फसवा. पंख खाली सोडून टोकं जमिनीवर घासत असतात, त्यामुळे पाय अर्धे झाकलेले. छातीची पिसं फुगून पुढे आलेली, पाठीची वर उठलेली, म्हणजे वर-खाली-पुढे तिन्हीकडे खोटा आकार. इथे मी घाई करत नाही. तोंडात डायफ्रॅम कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं तोंडात धरायचं साधन, असतोच (हातांत ताणलेलं धनुष्य असल्यावर दुसरा कॉल वाजवणार कशाने?), त्यावर एक तुटक 'क्लक' काढतो. बहुतेक वेळा नर पिसारा मिटून मान ताठ करतो आणि दोन सेकंद पुतळ्यासारखा थांबतो. त्या दोन सेकंदांत तो वरचा सोपा, आडवा कोन होतो. क्लक एकदाच. दुसऱ्यांदा केला तर तो आवाजाकडे रोखून बघायला लागतो आणि तिसऱ्यांदा केला तर तो तिथे नसतोच.

डोकं आणि मान. यासाठी तीन-चार इंच रुंद, आडव्या पात्यांची बाणाची खास टोकं मिळतात. बसला तर मान उडते, नाहीतर पूर्ण हुकतो, असं विकणारे सांगतात. पण टर्कीची मान कधी स्थिर नसते, कोंबडीला चालताना पाहिलंय ना? अंग एका वेगाने जातं आणि डोकं झटक्या-झटक्याने. शिवाय तसला जड आणि रुंद बाण वाऱ्यात भरकटतो, त्याला वेगळा सराव हवा. साध्या टोकाने डोक्यावर मारणं तर करूच नये. चोच फुटलेला पक्षी उपाशी मरतो.

आणि कुठल्याही कोनात, दोरी सोडण्याआधी पक्ष्याच्या मागे बघा. बाण टर्कीतून आरपार जाऊन मागे उभ्या मादीला लागू शकतो. वसंतात नरामागे माद्यांचा लवाजमा असतो, शरदात अख्खा थवा. एकटा सुटा झाल्याशिवाय मारू नये.

पक्षी हव्या त्या कोनात आणायचा कसा

नेम ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी आदल्या रात्री ठरते, डिकॉय, म्हणजे भुलवायला ठेवलेली नकली टर्की, कसा लावलात त्यावर.

बंदूकवाले डिकॉय २०-२५ यार्डांवर लावतात. धनुष्यवाल्याने तो ६ ते ८ यार्डांवर लावावा, म्हणजे नर त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेही आला तरी १५ यार्डांच्या आतच राहतो. एक वर्षाच्या कोवळ्या नराला इकडे जेक म्हणतात. जेकचा डिकॉय बघून मोठा नर खवळतो आणि त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो. म्हणून जेकचं तोंड तुमच्या लपणीकडे करा. मोठा नर तुमच्या आणि डिकॉयच्या मध्ये येईल, डिकॉयकडे तोंड आणि तुमच्याकडे पाठ करून, पिसारा फुलवून. वर सांगितलेला पाठमोरा कोन आयताच मिळाला. मादीचा डिकॉय मात्र उलटा: नर तिच्या मागून येतो, तेव्हा तिची शेपूट जिकडे, तिकडे तुम्हाला मोकळी वाट हवी.

लपण म्हणजे तंबूसारखा ब्लाइंड. मागच्या आणि बाजूच्या खिडक्या बंद, समोरची एकच आणि तीही अरुंद उघडी. आत काळोख हवा, म्हणून आत बसणाऱ्याने काळे कपडे घालावेत. झाडापानांच्या नक्षीचे महागडे कपडे काळ्या तंबूत उठून दिसतात. खिडकीपासून हातभर मागे बसा.

मी दोनदा केलेली चूक सांगतो. डोळ्यांना खिडकीतून पक्षी स्वच्छ दिसतो, पण बाण डोळ्यांच्या रेषेच्या चार-पाच इंच खालून निघतो. नजर खिडकीतून पार, बाण खिडकीच्या कापडात. पहिल्यांदा कापड फाटलं, दुसऱ्यांदा बाण भलतीकडे गेला. बसल्या जागेवरून, धनुष्य ताणून, बाणाचं टोक खिडकीच्या खालच्या कडेच्या वर आहे ना हे पहाटे अंधारातच तपासून घ्या.

याच कारणाने अगदी जवळचा नेमही फसवतो. २० यार्डांच्या पिनने ५ यार्डांवर मारलं तर बाण साधारण दीड इंच खाली लागतो. मोसंबीएवढ्या जागेत दीड इंच म्हणजे पुष्कळ, आणि तेही नेमकं नको त्या दिशेला, खाली. घरी ५, ८ आणि १२ यार्डांवर मारून बघा आणि आपलं धनुष्य कुठे पाडतं ते लिहून ठेवा.

ओढायची वेळ कोणती? डोकं पंख्याआड गेल्यावर, झाडाच्या खोडाआड गेल्यावर, किंवा नर डिकॉयशी झटापटीत गुंतल्यावर. मान वर आणि डोळा तुमच्याकडे असताना कधीच नाही. कंपाउंडचा फायदा असा की ५० पौंडांचं (ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य पूर्ण ताणल्यावर ८० टक्के सूट देत असेल तर ताणून धरायला १० पौंडच लागतात. पक्षी वळेपर्यंत मिनिटभर थांबता येतं. हरणासाठी ६५ पौंडांवर ठेवलेलं धनुष्य मी टर्कीसाठी ५० वर आणतो. खुर्चीत आखडून बसून, हात थंड पडलेले असताना हळू ओढता आलं पाहिजे. जोर लावायला धनुष्य आभाळाकडे उचलावं लागत असेल तर वजन जास्त आहे. राज्याच्या किमान मर्यादेखाली मात्र जाऊ नका, आणि वजन बदलल्यावर पिना परत जुळवून घ्या.

पाती

टर्कीचं अंग हरणाइतकं दणकट नसतं, तेव्हा खोल घुसण्यापेक्षा रुंद कापणं जास्त कामाचं. लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचे, दीड ते दोन इंच रुंद कापणारे टोक मी वापरतो. घट्ट पात्यांचेही चालतात, धार मात्र नवी हवी. ब्लाइंडच्या खिडकीला जाळी लावून त्यातून मारणार असाल तर उघडणारी पाती नकोत, जाळीतच उघडतात. सरावाला वापरलेलं पातं शिकारीला घेऊ नका.

सराव

उभं राहून २० यार्डांवर गोल लक्ष्यावर मारलेले शंभर बाण इथे फारसे कामाला येत नाहीत. ज्या खुर्चीत बसणार ती खुर्ची अंगणात टाका, तंबू लावा, तेच कपडे घाला. टर्कीच्या आकाराचं फोमचं लक्ष्य मिळतं. त्यावर उत्पादकाने छापलेलं वर्तुळ खरडून टाका, कारण रानातल्या पक्ष्यावर वर्तुळ नसतं. लक्ष्य दर चार बाणांनी फिरवून ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी तोंडाने बोला: "पाय इथे, सांधा इथे." शेजारी हसतात. हसू द्या.

आणखी एक अभ्यास फुकटचा. मार्च-एप्रिलमध्ये गाडी रस्त्याकडेला सुरक्षित लावून दुर्बिणीतून शेतातल्या टर्क्या बघत बसा. प्रत्येक वळणाला मनात नेम धरा. तासाभरात कळतं की नर एका कोनात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त क्वचितच राहतो, आणि पुढचा कोन कोणता येणार याचा अंदाजही हळूहळू बसायला लागतो.

बाण सुटल्यावर

तुम्ही हललाच नाहीत तर अर्धं काम झालं. लगेच दुसरा बाण लावा आणि पक्ष्यावरची नजर काढू नका.

जागेवर कोसळून पंख फडफडत असेल तर दुसरा बाण लावलेल्या धनुष्यासह पटकन जवळ जा. हात घालू नका. नराच्या पायामागे इंचभराचा अणकुचीदार काटा असतो आणि मरता मरता तो लाथा झाडतो. फडफड थांबेपर्यंत थांबा.

चालत किंवा धावत झुडपात गेला तर मात्र जागचे उठू नका. शेवटचा कुठे दिसला ते एखाद्या झाडाच्या किंवा कुंपणाच्या खांबाच्या खुणेने लक्षात ठेवा, घड्याळात बघा आणि तासभर बसा. मागे लागलात तर मरायला टेकलेला पक्षीही उडतो, आणि उडालेली टर्की सापडत नाही, कारण हवेत रक्ताचा माग पडत नाही. जमिनीवरही तो फार नसतो. पिसं रक्त टिपून घेतात. हरणासारखा माग काढायला जाल तर वीस पावलांवर संपेल.

मग वाचायचं काय? आधी बाण. चकचकीत फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं. हिरवट-तपकिरी आणि वास म्हणजे आतडी. अशा वेळी तासाचे तीन-चार तास करा. मग पिसं. छातीची पिसं काळ्या टोकांची आणि चमकदार असतात. त्यांचाच ढीग पडला असेल आणि रक्त नसेल तर बाण पुढे लागलाय, शोध लांबणार. काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली पंखाची मोठी पिसं मधोमध कापलेली मिळाली तर आशा आहे.

जखमी टर्की दडते. पडलेल्या ओंडक्याखाली, काटेरी जाळीत, ओढ्याच्या काठाखाली शिरून ती मान लपवते आणि अंग तसंच राहतं. शेवटच्या खुणेपासून अर्धवर्तुळं मोठी मोठी करत जा, प्रत्येक जाळीखाली वाकून बघा. काही राज्यांत दोरीला बांधलेला माग काढणारा कुत्रा चालतो. असेल तर लाजू नका. कुंपणापलीकडे गेला असेल तर आधी शेतमालकाची परवानगी घ्या. आमच्या खोऱ्यातले बहुतेक शेतकरी नुसते हो म्हणत नाहीत, बूट घालून बरोबर येतात.

जीव सांभाळून

नराच्या डोक्याचे रंग लाल, पांढरा आणि निळा. हे तीन रंग अंगावर नकोत, मोज्यातही नाही, खिशातला रुमालही नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपात तेवढंच दिसतं. दुरून येणाऱ्या गॉबलच्या (नराच्या आरवण्याच्या) दिशेने रांगत जाऊ नका, तो आवाज कधी कधी दुसऱ्या माणसाच्या कॉलचा असतो. कोणी येताना दिसलं तर हात हलवू नका, मोठ्याने बोला, मराठीतून बोललात तरी चालेल. मारलेला पक्षी खांद्यावर टाकून मिरवत नेऊ नका, भडक नारिंगी पिशवीत घाला. नोंदणीची मुदत विसरू नका. विस्कॉन्सिनमध्ये ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत असते.

घरी आल्यावर

पक्षी सोलताना घाई करू नका. बाण शिरला तिथून एक सरळ काडी आत घाला आणि ती कुठे निघते ते बघा. कुठली बरगडी मोडली, फुप्फुसाच्या कुठल्या बाजूला भोक पडलं, तुम्ही जिथे नेम धरला होता त्याहून किती पुढे किंवा खाली लागलं, हे वहीत चित्र काढून लिहा. माझ्या वहीत अशी नऊ चित्रं आहेत आणि त्यांतली सहा नेमापेक्षा खाली लागलेली. दोरी सुटताना मी धनुष्य किंचित पाडतो, हे मला कुठल्या प्रशिक्षकाने नव्हे, त्या काड्यांनी दाखवलं. तेव्हापासून सरावात बाण लक्ष्यात रुतेपर्यंत धनुष्याचा हात खाली येऊ देत नाही.

छातीचं मांस कोंबडीसारखंच पण कोरडं पडणारं, त्याला दही-आलं-लसणात रात्रभर ठेवा. पायांच्या नळीत हाडासारखे कडक झालेले स्नायुबंध असतात, ते आधी चिमट्याने ओढून काढा. मग तंगड्यांना कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरमध्ये टाका आणि कोंबडीच्या दुप्पट शिट्ट्या होऊ द्या.